'नॉन्सेन्स'ला इंग्रजीत पन्नास शब्द, स्पॅनिशमध्ये एकच कसा चालेल?

होटगी_रोड विचारतात:

नमस्कार मंडळी. एका इंग्रजी मालिकेची स्पॅनिश सबटायटल्स करायचं काम सोलापुरातून चालू आहे. फायली दोन द्यायच्यात, एक स्पेनसाठी आणि एक लॅटिन अमेरिकेसाठी. माझी स्पॅनिश बी-टू, म्हणजे वरच्या मध्यम पातळीची आहे.

मालिकेत तीन पात्रं सतत समोरच्याचं बोलणं उडवून लावतात. आयरिश वळणाचे अमेरिकन आजोबा 'मलार्की' आणि 'बलोनी' म्हणतात. लंडनचा वकील 'पॉपिकॉक', 'कॉड्सवॉलप', 'क्लॅपट्रॅप', 'गॉबल्डिगूक' असलं काहीबाही बोलतो. तरुण पोलीस तोंडाचा फाटका, त्याचं 'बुलशिट' आणि 'क्रॅप'. शब्दकोशात बहुतेकांपुढे 'तोंतेरियास' दिलंय. तेच सगळीकडे टाकलं, तर तिघंही एकाच तोंडानं बोलल्यासारखे वाटायला लागले. पापार्रूचास, पात्रान्यास, गालिमातियास, चोर्रादा हेही सापडले, पण कोणता कुठं बसवायचा ते ठरेना. इंग्रजी शब्दाचं मूळ शोधून तसल्याच मुळाचा स्पॅनिश शब्द घ्यावा का?

अडलेल्या ओळी अशा:
१) आजोबा नातवाला: "दॅट्स अ बंच ऑफ मलार्की."
२) वकील: "द कॉन्ट्रॅक्ट इज गॉबल्डिगूक."
३) पोलीस, एकच शब्द: "बुलशिट!"
४) पोलीस: "डोन्ट गिव्ह मी दॅट क्रॅप."
५) वकील: "शी इज अ नो-नॉन्सेन्स जज."

---

कन्ना_चौक यांचं उत्तर:

इंग्रजी शब्द क्षणभर बाजूला ठेवा आणि स्वतःला मराठीत विचारा, की समोरचा नेमकं काय करतोय? थाप मारतोय, मूर्खासारखं बोलतोय, पाल्हाळ लावतोय, की कळणारच नाही असं बोलतोय? आपल्या भाषेत हे चारही प्रकार वेगळे आहेत आणि आपण त्यांची गल्लत करत नाही. कुणी लोणकढी थाप मारली तर तिला आपण 'पाल्हाळ' म्हणत नाही. स्पॅनिशमध्येही हे चार कप्पे जवळजवळ असेच आहेत. इंग्रजीतून थेट स्पॅनिशला गेलं की कप्पे दिसत नाहीत. मराठीवरून गेलं की लगेच दिसतात.

थाप, बंडल, भाकडकथा असेल तर पात्रान्यास. यात 'हे खोटं रचलंय' हा आरोप आहे. नुसता मूर्खपणा असेल तर तिथं पात्रान्यास चुकेल. बोलीत याच कप्प्यात क्वेंतोस म्हणजे 'गोष्टी' बसतं, आणि स्पेनमध्ये कामेलो. पसरवलेल्या खोट्या बातमीला स्पेनमध्ये बुलो म्हणतात. म्हणून इंग्रजी 'डीबंक'ला (खोटं उघडं पाडणं) तिथं 'देस्मेंतीर उन बुलो' चांगलं बसतं.

मूर्खपणा असेल तर तोंतेरियास, बोबादास, एस्तुपिदेसेस. या क्रमानं धार वाढते. सांदेसेस थोडं पुस्तकी आहे, शिकल्यासवरलेल्या माणसाच्या तोंडी शोभतं. तुमच्या वकिलाला ते द्या.

पोकळ, शब्दबंबाळ बोलणं असेल तर पालाब्रेरिया. 'क्लॅपट्रॅप' इथं येतो. हा शब्द अठराव्या शतकातल्या इंग्रजी रंगभूमीवरचा आहे. टाळी हमखास पडावी म्हणून घातलेल्या वाक्याला ते म्हणत. आपल्या 'टाळ्याखाऊ वाक्या'शी तो तंतोतंत जुळतो. स्पॅनिशमध्ये 'दे कारा आ ला गालेरिया' असा वाक्प्रचार आहे, म्हणजे गॅलरीतल्या प्रेक्षकांकडं तोंड करून केलेलं. वकील एखाद्या पुढाऱ्याच्या भाषणाला क्लॅपट्रॅप म्हणत असेल तर 'पालाब्रेरिया दे कारा आ ला गालेरिया' लिहा, दोन्ही अंगं येतात.

आणि अगम्य असेल तर गालिमातियास. 'गॉबल्डिगूक' म्हणजे खोटं नव्हे आणि मूर्खपणाही नव्हे, ते न कळणारं आहे. १९४४ साली टेक्सासचे मॉरी मॅव्हरिक यांनी अमेरिकी सरकारी कागदपत्रांच्या भाषेला वैतागून हा शब्द केला, टर्की पक्ष्याच्या गुबगुब आवाजावरून. तुमची दुसरी ओळ त्यामुळं दोन्ही फायलींत एकच: 'एल कोंत्रातो एस उन गालिमातियास'. या शब्दाचं एकवचन आणि अनेकवचन सारखंच आहे. शेवटी एस आहे म्हणून 'उनोस' लावू नका, 'उन'च.

आता मुळाबद्दल. मूळ शोधायला मला फार आवडतं, पण भाषांतर त्यावर बेतू नका. हेच टर्कीचं उदाहरण घ्या. स्पॅनिशमध्ये टर्की म्हणजे पावो, आणि अर्जेंटिना-उरुग्वेमध्ये त्यावरून आलेला पावादा हा शब्द घरोघरी वापरतात. पक्षी एकच, अर्थ साफ वेगळा. पावादा म्हणजे क्षुल्लक गोष्ट, बावळटपणा. करारनाम्याला पावादा म्हटलं तर 'हा करार किरकोळ आहे' असा अर्थ होईल, आणि वकील नेमकं उलट बोलतोय.

'पॉपिकॉक' बहुधा डच बोलीतून आला. तिथं त्याचा अर्थ विष्ठेशी जोडलेला आहे. आजच्या इंग्रजीत मात्र तो इतका सोवळा आहे की आजीसमोरही चालतो. मूळ पाहून शिवी घातलीत तर वकिलाची भाषा बिघडली. 'कॉड्सवॉलप'ची गंमत सोलापूरकरांना जास्त कळेल. हायरम कॉड या इंग्रजाने १८७२ साली गोटीच्या बाटलीचं पेटंट घेतलं, तीच आपली गोटीसोड्याची बाटली. 'वॉलप' म्हणजे बोलीत बिअर. म्हणून कॉडच्या बाटलीतली मिळमिळीत बिअर ती कॉड्सवॉलप, असं सांगतात. पण हा शब्द छापील स्वरूपात सापडतो तो थेट १९५९ साली. मधली ऐंशी-नव्वद वर्षं कुठंच नाही, म्हणून ही व्युत्पत्ती कोशकार धरत नाहीत. धरली असती तरी स्पॅनिश सबटायटलात गोटीसोडा घालून काय उपयोग होता?

भाषांतराला उपयोगी पडतं ते शब्दाचं वय. मलार्की, पॉपिकॉक, कॉड्सवॉलप तिन्हींना जुनकट वास आहे. मलार्की आज अमेरिकेत ओळखीचा आहे तो मुख्यतः जो बायडेन यांच्यामुळं. ११ ऑक्टोबर २०१२च्या उपाध्यक्षपदाच्या चर्चेत त्यांनी तो वापरला, आणि २०१९च्या प्रचारात तर बसवरच 'नो मलार्की' रंगवलं. स्पॅनिशमध्ये हा वास पांप्लीनास आणि पापार्रूचास या दोघांना आहे. बस्टर कीटन या मूकपटातल्या विनोदी नटाला स्पेनमध्ये पांप्लीनास याच नावानं ओळखत, यावरून शब्दाची पिढी लक्षात येईल. आजोबांना पांप्लीनास द्या आणि वकिलाला पापार्रूचास. दोघांचे शब्द शेवटपर्यंत बदलू नका, म्हणजे प्रेक्षक आवाज न ऐकताही माणूस ओळखेल.

एक व्याकरणाची खाच. इंग्रजी 'नॉन्सेन्स' मोजता येत नाही, तोंतेरिया मोजता येते. एक मूर्खपणा 'उना तोंतेरिया', सर्वसाधारण बडबड नेहमी अनेकवचनी. आणि अनेकवचन आलं की क्रियापदही बदलतं: 'एसो सोन पांप्लीनास'. 'एसो' एकवचनी दिसतं म्हणून 'एसो एस पांप्लीनास' लिहिणं ही बी-टू पातळीवरची सर्रास होणारी चूक आहे. शेवटी झेड असलेल्या शब्दांचं अनेकवचन करताना झेडचा सी होतो, सांदेसचं सांदेसेस, हेही तपासा. मी उच्चार लॅटिन अमेरिकेतला देतोय, स्पेनमध्ये हा सी आणि झेड 'थ'सारखा निघतो.

---

पार्क_चौक यांचं उत्तर:

वरच्या उत्तरात शिव्यांचा भाग राहिला, आणि दोन फायलींत खरा फरक तिथंच पडतो.

सोलापुरात मित्राला 'काय बे' म्हटलं की आपुलकी असते. तेच पुण्याच्या कचेरीत अनोळखी माणसाला म्हणून बघा. स्पॅनिशमध्ये असे शब्द देशागणिक आहेत आणि चूक झाली तर फरक आपुलकी आणि अपमान एवढ्यावर थांबत नाही. मेक्सिकोत 'नो दिगास मामादास' म्हणजे 'फालतू बोलू नको', अर्थात शिवराळपणे. स्पेनमध्ये मामादा म्हणजे निव्वळ लैंगिक क्रिया. पाखा म्हणजे वाळलेलं गवत. मध्य अमेरिकेत 'पुरा पाखा' म्हणजे सगळ्या थापा, आणि स्पेनमध्ये त्याच शब्दाचा बोलीतला अर्थ हस्तमैथुन. हे शब्द लॅटिन अमेरिकेच्या फायलीतही नकोत, कारण ती फाइल वीसेक देशांत जाते.

स्पेनच्या फाइलला हात मोकळा आहे. चोर्रादा सौम्य, मित्रामित्रांत चालणारा. खिलिपोयेस शिवराळ, पोलिसाला नेमका. लॅटिन अमेरिकेत चोर्रादा परका वाटतो आणि खिलिपोयेस ऐकताच 'हा स्पेनचा माणूस' असं होतं. उलट बाजूनं पेंदेखादा मेक्सिकोकडचा, बोलुदेस अर्जेंटिनाचा, वेवादा चिली-पेरूकडचा. यातला कोणताही घातला तर पोलीस त्या एका भागाचा होतो. तटस्थ फाइलला एस्तुपिदेसेस, मेंतीरास, पात्रान्यास एवढ्यावर भागवावं लागतं. धार कमी होते, हे मान्य करून ती दुसरीकडं भरून काढायची. पोलिसाच्या पुढच्या एखाद्या साध्या वाक्यात 'नो मे खोदास' ('डोकं खाऊ नको'चं शिवराळ रूप) घाला. ते सगळीकडं कळतं आणि पात्राचं तोंड तसंच फाटकं राहतं.

आता 'बुलशिट'. त्याचं शब्दशः 'म्येर्दा दे तोरो' कधीही करू नका, स्पॅनिशमध्ये असं कुणी बोलत नाही. हा शब्द निदान चार कामं करतो. एकटा उद्गार म्हणून आला तर तो नकार आहे: स्पेनमध्ये 'ई उना म्येर्दा'. थापा या अर्थी नाम असेल तर 'पुरास मेंतीरास'. निरर्थक कामकाजाबद्दल असेल, म्हणजे साहेबांनी उगीच भरायला लावलेले तक्ते वगैरे, तर खिलिपोयेसेस किंवा एस्तुपिदेसेस. आणि 'डोन्ट बुलशिट मी' असं क्रियापद असेल तर 'नो मे बेंगास कोन क्वेंतोस'. आधी काम ओळखा, मग शब्द.

'बलोनी' हा मुळात बोलोन्या सॉसेजचा अपभ्रंश. इथं योगायोगानं स्पेनला मांसाचाच शब्द मिळतो: 'ई उन खामोन', म्हणजे 'आणि एक हॅम'. पण तो फक्त उलट उत्तरात चालतो, कुणी मागणी किंवा दावा केला आणि तुम्ही तो धुडकावलात तर. 'हिज स्टोरी इज बलोनी' अशा विधानाला तो बसणार नाही, तिथं पात्रान्यास.

दोन जोड्या मात्र मुळासकट जुळतात. 'ड्रिव्हल' म्हणजे मुळात लाळ गाळणं, आणि मेक्सिको-मध्य अमेरिकेतला बाबोसादा हाही लाळेवरूनच आलाय. ब्रिटिश 'बॉलक्स' म्हणजे वृषण, आणि स्पेनचं 'ई उन वेवो', शब्दशः 'आणि एक अंडं', त्याच अवयवाकडं बोट दाखवतं. पुढं वकील 'द डॉग्ज बॉलक्स' म्हणाला तर सावध राहा. ती स्तुती आहे, म्हणजे 'एकदम झकास'. स्पेनमध्ये त्याला कोखोनूदो, मूळ पुन्हा तेच.

मालिका लहान मुलांच्या वेळेला लागणार असेल तर सौम्य रूपं लागतील. मेक्सिकोत 'नो मामेस'ऐवजी 'नो मांचेस', म्हणजे 'डाग पाडू नको', सुरुवात तीच आणि शेवट धुतलेला. म्येर्दाऐवजी 'म्येर्कोलेस', म्हणजे बुधवार. आपल्याकडं शिवी अर्ध्यात गिळून दुसराच शब्द जोडतात, तीच रीत.

रेआल अकादेमिया या स्पॅनिश भाषेच्या अधिकृत संस्थेचा शब्दकोश संकेतस्थळावर फुकट आहे. त्यात अर्थाआधीची संक्षिप्त खूण वाचायची सवय लावा. कोणत्या देशातला शब्द आहे आणि तो अशिष्ट आहे का, हे तिथंच दिलेलं असतं. नुसता अर्थ बघून उठलं की घोटाळा होतो.

---

होटगी_रोड:

फार मोलाचं सांगितलंत दोघांनी, आभारी आहे. त्यावरून असं केलंय, तपासाल का?
१) स्पेन: 'एसो सोन पांप्लीनास.' लॅटिन अमेरिका: 'एसास सोन पुरास पांप्लीनास.'
३) स्पेन: 'ई उना म्येर्दा!' लॅटिन अमेरिका: 'नो दिगास तोंतेरियास!'
४) दोन्हीकडं: 'नो मे देस एसा म्येर्दा.'
५) 'एस उना ख्वेसा सिन तोंतेरियास.'
शिवाय एक अर्जेंटिनाचं पात्र नंतरच्या भागात येतं. ते 'कट द नॉन्सेन्स' म्हणतं, तिथं 'देखाते दे पावादास' लिहिलंय.

---

जुळे_सोलापूरकर यांचं उत्तर:

पहिली ओळ दोन्हीकडं चोख आहे. बाकीच्या बघू.

तिसरीत लॅटिन अमेरिकेचं वाक्य अर्थानं चालेल, पण वेळेत बसणार नाही. क्लायंटची मार्गदर्शिका आधी बघा. प्रौढांच्या कार्यक्रमांना स्पॅनिशसाठी प्रचलित मर्यादा ओळीला ४२ अक्षरचिन्हं आणि सेकंदाला १७ अशी असते, आणि सबटायटल पडद्यावर निदान पाच-षष्ठांश सेकंद, म्हणजे २४ फ्रेमच्या चित्रणात २० फ्रेम राहावं लागतं. एवढ्या वेळात जेमतेम १४ चिन्हं वाचून होतात. स्पॅनिशमध्ये उद्गारचिन्ह दोन, सुरुवातीला उलटं आणि शेवटी सुलटं, आणि जागासुद्धा मोजायची. 'ई उना म्येर्दा' चिन्हांसकट बरोबर १४ भरतं, बसलं. 'नो दिगास तोंतेरियास' २० होतं, त्याला सव्वा सेकंदाच्या आसपास लागेल. पोलीस 'बुलशिट' एका झटक्यात बोलतो आणि लगेच दुसरा बोलायला लागतो, तेव्हा मागं वाढवायला जागा नसते. तिथं 'मेंतीरा!' घ्या, दोन्ही चिन्हांसकट ९. शिवी गेली, ती वर सांगितलंय तशी पुढच्या वाक्यात भरून काढा. स्पेनच्या सौम्य आवृत्तीला 'आंदा या!' हेही ९च.

चौथी ओळ बदलाच. 'नो मे देस एसा म्येर्दा' वाचणाऱ्याला वाटेल की समोरच्याच्या हातात खरोखर काहीतरी घाण वस्तू आहे आणि पोलीस ती घ्यायला नको म्हणतोय. पोलिसी मालिकेत तर अमली पदार्थाची पुडीच डोळ्यांपुढं येईल. इंग्रजी 'गिव्ह'च्या जागी स्पॅनिशला 'येणं' हे क्रियापद लागतं, अगदी आपल्या 'असल्या गोष्टी घेऊन माझ्याकडं येऊ नको'सारखं. स्पेन: 'नो मे बेंगास कोन खिलिपोयेसेस.' लॅटिन अमेरिका: 'नो मे बेंगास कोन एस्तुपिदेसेस.' क्रॅपचा दुसरा अर्थ, वस्तू भिकार असणं, तो वेगळा: 'द कार इज क्रॅप'ला म्येर्दा किंवा सौम्यपणे पोर्केरिया चालतं.

पाचवीत 'सिन तोंतेरियास' न्यायाधीशाला चिकटवलं की वाक्य अर्धवट वाटतं. 'एस उना ख्वेसा के नो से आंदा कोन तोंतेरियास' म्हणा, म्हणजे फालतूपणात न रमणारी. पूर्णविराम धरून बरोबर ४२ चिन्हं होतात, एका ओळीत मावेल. एक चिन्ह जरी वाढलं तर दोन ओळी करा आणि तोडताना 'के'च्या आधी तोडा, नंतर नव्हे. स्त्री न्यायाधीशाला 'ला ख्वेस' आणि 'ला ख्वेसा' दोन्ही मान्य आहेत, पण एकदा निवडलं की सगळ्या भागांत तेच.

अर्जेंटिनाच्या पात्राचा शब्द बरोबर निवडलात, फक्त क्रियापदावर आघातचिन्ह दिलं असेल तर ते काढा. एकेरी संबोधन 'तू' धरलं तर आज्ञार्थी देखातेच्या पहिल्या स्वरावर आघातचिन्ह येतं. अर्जेंटिनात 'तू'ऐवजी 'बोस' चालतं, तिथं जोर मधल्या 'खा'वर पडतो आणि आघातचिन्ह लिहीतच नाहीत. छापात फरक एका तिरक्या रेघेचा आहे, पण बुएनोस आयरेसच्या वाचकाला तो पहिल्या नजरेत दिसतो. पावादास आणि चिन्हवालं देखाते एकत्र आलं की पात्र अर्धं अर्जेंटिनाचं, अर्धं कुठलंतरी असं होतं.

---

अक्कलकोट_रोड_एमआयडीसी:

विषय निघालाच आहे तर विचारतो. टेरी टॉवेलच्या निर्यातीच्या कॅटलॉगला स्पॅनिश पान जोडायचंय, मेक्सिको आणि चिलीसाठी. इंग्रजीत मथळा 'नो-नॉन्सेन्स टॉवेल्स' असा आहे. मशीननं 'तोआयास सिन तोंतेरियास' दिलं. 'सिन आदोर्नोस' असंही एकानं सुचवलंय. कोणतं घ्यावं?

---

जुळे_सोलापूरकर:

दोन्ही नको. पहिल्याचा अर्थ 'मूर्खपणा नसलेले टॉवेल' असा होतो. दुसरं वाक्य भाषा म्हणून ठीक आहे, पण आदोर्नो म्हणजे सजावट. तुमच्या टॉवेलला डॉबी बॉर्डर (विणीतलीच नक्षीदार पट्टी) किंवा भरतकाम असेल तर मथळा मालाच्या विरुद्ध जाईल, आणि खरेदीदार साधा बिनबॉर्डरचा माल समजून ऑर्डर देईल. इंग्रजी मथळ्यात सांगायचंय ते 'कामाचा, टिकाऊ, उगीच भाव वाढवलेला नाही' हे. 'तोआयास प्राक्तिकास ई रेसिस्तेंतेस' लिहा, दोन्ही देशांत सरळ कळतं. खाली जीएसएमचा आकडा देताना 'ग्रामाखे' हा शब्द वापरा, आकड्यापुढं ग्रॅम प्रति चौरस मीटर. आणि इंग्रजी पानावर 'नो फ्लफ' (फाफटपसारा नाही) असं काही असेल तर भाषांतर करण्याआधी काढूनच टाका. स्पॅनिशमध्ये त्याचं 'सिन पेलूसा' होईल, म्हणजे लिंट (धाग्यांचे सुटे तंतू) सुटत नाही अशी हमी, आणि पहिल्या धुण्यात टेरी टॉवेलला थोडं लिंट सुटतंच.